चारशेव्या अंकातली उलटी शेपटी

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एका भाच्याचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तरी वाकलो आहे, याची नोंद घ्यावी.) पत्राला दोन वर्षं उशीर झालाय हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्राच्या उत्तरात तू 'गुडघा बरा आहे, तू तुझं बघ' एवढंच लिहिलं होतंस, आणि मी मोठ्यांच्या आज्ञेत असल्यामुळे इतके दिवस माझंच बघत बसलो. आता गुडघा कसा आहे? जिने चढताना अजूनही मोठ्याने आकडे मोजतेस का? बाबा ठणठणीत आहेत, फक्त त्यांनी डॉक्टरांचं ऐकणं सोडलंय. तपासायला आलेल्या माणसाला म्हणतात, "माझी थोरली बहीण चाळीस वर्षं दवाखान्यात मुख्य परिचारिका होती, मला औषधं शिकवू नका." त्या चाळीस वर्षांत त्यांनी तुझंही कधी ऐकलं नव्हतं, हे मी डॉक्टरांना जिन्यात गाठून सांगितलं.

बाबांनी तुला माझ्याबद्दल 'तो छापखान्याच्या लायनीत आहे' असं मोघम सांगितलंय. ते खोटं नाही, पण आज सगळंच सांगायला बसलोय तर हेही सांगतो. मी 'कवचधर' नावाच्या मासिकात काम करतो. हे चित्रांचं मासिक आहे, कॉमिक म्हणतात ते. त्यात कवचधर नावाचा एक महावीर असतो. त्याच्या अंगावर पोलादी चिलखत आणि डोक्यावर चेहरा झाकणारं शिरस्त्राण असतं. तो दर महिन्याला बत्तीस पानांत शहर वाचवतो. शहराचा शत्रू म्हणजे डॉक्टर काजळी. काळा मुखवटा, काळा झगा, आणि सगळं शहर काजळीने माखून टाकायचं एवढीच त्याच्या आयुष्यातली हौस. (तुला हे बालिश वाटत असेल. वाटू दे.) माझं काम असं, की ही मंडळी जे बोलतात ते माझ्या हाताने लिहिलेलं असतं. चित्रात बोलणाऱ्याच्या डोक्यावर पांढरा फुगा असतो आणि फुग्याला एक टोकदार शेपटी असते. शेपटी ज्याच्या तोंडाकडे, वाक्य त्याचं. आमच्या चित्रकार बाई फुगा आणि शेपटी आधीच काढून ठेवतात. मी वाक्य वेगळ्या पट्टीवर सुबक अक्षरांत लिहितो आणि गोंदाने फुग्यात डकवतो. सोळा वर्षं हेच करतोय. अक्षर वाचताना वाचकाला माझी आठवण आली तर समजायचं काम बिघडलं. सोळा वर्षांत कुणालाही माझी आठवण आली नव्हती.

आता या धंद्याची एक गोम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सगळा खेळ धक्क्यांवर चालतो. संपादकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर आजवरच्या गाजलेल्या धक्क्यांची यादीच लावलेली आहे. बावन्नाव्या अंकात कवचधरने पहिल्यांदा शिरस्त्राण काढलं आणि आत चष्मा निघाला. (शेकडो चष्मेवाल्यांनी आभाराची पत्रं पाठवली.) एकशे अठराव्यात त्याचं लग्न झालं आणि नवरी यंत्रमानव निघाली. तिची मान भर मांडवात पूर्ण वळली, ते पान पाहून म्हणे एका वाचकाने स्वतःचा साखरपुडा मोडला. दोनशे तिसऱ्यात त्याची मदतनीस 'ठिणगी' धारातीर्थी पडली. लोक धाय मोकलून रडले. पण दोनशे सहाव्यात चित्रकार बाईंनी सवयीने तिला मागच्या गर्दीत काढलं, म्हणून दोनशे नवव्यात तिला जिवंत करावंच लागलं. आणि सगळ्यांत गाजलेला धक्का दोनशे एक्कावन्नाव्या अंकातला. त्यात मुखपृष्ठावर कवचधरला दोन्ही हात डावे आले. ती निव्वळ चूक होती. पण आठ महिने 'हा कसला संकेत?' अशी पत्रं येत राहिली, शेवटी 'डाव्या हाताचा शाप' नावाची सहा भागांची कथा लिहून ती निस्तरावी लागली. थोडक्यात, आमच्याकडे मरण हे कायमचं नसतं आणि चूक ही चूक नसते. पण हे शहाणपण मला नंतर सुचलेलं आहे. त्या वेळी माझी बोबडी वळली होती.

झालं असं, की चारशेवा अंक जवळ आला आणि मालकांनी फर्मान काढलं, की धक्का असा हवा की त्यापुढे धक्काच नको. कवचधरला मारा. खराखुरा मारा, परत आणायचा नाही, मासिक पुढे ठिणगीच्या नावाने चालेल. संपादकांनी 'वा' म्हटलं. (मालकांनी भूकंप मागवला असता तरी त्यांनी 'किती वाजता' एवढंच विचारलं असतं.) वाईट वाटलं ते आमच्या लेखकांचं. हा गृहस्थ तेहतीस वर्षं, पहिल्या अंकापासून, एकट्याने कवचधर लिहितोय. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात चार पेन्सिली, बोलणं इतकं हळू की फोनवर लोक 'हॅलो हॅलो' करून ठेवून देतात. घरी दुसरं कुणी नाही. त्यांनी फर्मान ऐकलं, मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसले. पुढचे सहा आठवडे ते रोज वेळेवर यायचे, कागदासमोर बसायचे आणि पेन्सिलींना टोक करायचे. तीन पेन्सिली टोक करता करता संपल्या. शेवटी एका सकाळी त्यांनी माझ्या टेबलावर शेवटच्या पानाचा मजकूर ठेवला आणि म्हणाले, "जरा नीट लिहा हं. त्याचं शेवटचं आहे."

पान असं होतं. घड्याळाचा मनोरा कोसळलाय. कवचधर लोखंडी तुळईखाली चिरडलाय. त्याच्या डोक्याशी डॉक्टर काजळी कमरेवर हात ठेवून उभा आहे. फुगे दोनच. काजळी गर्जतो : 'तेहतीस वर्षं या क्षणाची वाट पाहिली, आता हे शहर कायमचं माझं झालं!' आणि कवचधर धापा टाकत म्हणतो : 'आईला... म्हणावं... वाट... पाहू... नकोस...' आत्या, एरवी मी अशी पट्टी पाच मिनिटांत लिहितो, ही तीनदा लिहिली. टिंबं मोजून टाकली, त्यामुळे दोन्ही पट्ट्या नेमक्या एकाच लांबीच्या झाल्या. इथेच माशी शिंकली.

पट्ट्यांना मागून गोंद लावून मी त्या टेबलाच्या कडेला ठेवल्या. तेवढ्यात शिपायाला गोंदाचा वास सहन होईना, म्हणून त्याने माझ्यामागची खिडकी सताड उघडली. वारा आत आला आणि दोन्ही पट्ट्या उडाल्या. एक संपादकांच्या दारापाशी सापडली. दुसरी काही केल्या मिळेना. मी टेबलाखाली रांगलो, कचऱ्याची टोपली उलटी केली, शिपायाकडे संशयाने पाहून घेतलं. मधल्या सुट्टीपर्यंत हेच. मग लक्षात आलं, की चित्रकार बाई सकाळपासून कोपरावर 'आईला म्हणावं वाट पाहू नकोस' मिरवत सगळ्या कार्यालयात फिरताहेत. त्या हिशेबनिसांच्या खोलीत जाऊन आल्या होत्या, तर ते बिचारे घरी काही अशुभ घडलं की काय म्हणून फोन करत बसले होते. बाईंच्या कोपरावरून ती पट्टी सोडवताना (त्यांच्या दंडाच्या तीन केसांसकट) छापखान्याचा माणूस दारात उभा राहून घड्याळ पाहत होता. मी दोन्ही पट्ट्या घेतल्या, दोन्ही फुग्यांत डकवल्या आणि पान पुढे सरकवलं. पान मुद्रितशोधकांकडे गेलं. त्यांना 'पाहू'मधला हू ऱ्हस्व सापडला. तो लाल पेन्सिलीने दीर्घ केल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्या भरात त्यांनी पानावर सही ठोकली आणि जेवायला निघून गेले. 'ध'चा 'मा' करणाऱ्यांनी निदान एक अक्षर तरी बदललं होतं. मी एकही अक्षर न बदलता अख्खा माणूस बदलून टाकला होता.

हे मला कळलं बुधवारी सकाळी, बसथांब्यावरच्या पेपरवाल्याच्या टपरीपाशी. अंक त्याच दिवशी आला होता. एक मध्यमवयीन बाई, हातात भाजीची पिशवी, उभ्याउभ्या शेवटचं पान वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी पिशवी खाली सोडली. टोमॅटो रस्त्यावर गेले. त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे तो नव्हेच!" मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. तुळईखाली चिरडलेला कवचधर एका दमात सांगत होता, की तेहतीस वर्षं या क्षणाची वाट पाहिली, आता हे शहर कायमचं माझं झालं. आणि कमरेवर हात ठेवून धडधाकट उभा असलेला डॉक्टर काजळी आईला निरोप देत होता. टोमॅटो गोळा करून देण्याच्या निमित्ताने मी थोडा वेळ खाली बसून घेतलं.

कार्यालयात पोचलो तो खिशात राजीनामा घेऊनच. (बसमध्ये लिहिला. अक्षर तुला दाखवण्यासारखं नव्हतं.) संपादकांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. मालकांचा फोन येऊन गेला होता. संपादक म्हणाले, "तेहतीस वर्षांचा वीर मेला आणि मरताना काय बोलला? शत्रूचं भाषण! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराच्या बोंबा देवाच्या तोंडी आज पाहिल्या!" मी राजीनामा टेबलावर ठेवला. चित्रकार बाई म्हणाल्या, कोपर माझं होतं, मलाही काढा. मुद्रितशोधक म्हणाले, हू मात्र दीर्घच बरोबर आहे. आणि या सगळ्या गदारोळात आमचे लेखक खिडकीपाशी अंक उघडून उभे होते. त्यांनी ते पान एकदा वाचलं. परत वाचलं. मग मोठ्याने, म्हणजे आपण साधं बोलतो तेवढ्या आवाजात, म्हणाले, "मेला नाही."

"कोण मेला नाही?" संपादक ओरडले.

"कवचधर. तुळईखाली आहे तो काजळी. मनोरा पडायच्या आधी त्याने कवचधरचं चिलखत चोरून घातलं. शहर त्याला कवचधर म्हणून मिळणार होतं, म्हणून तर म्हणतोय, शहर माझं झालं."

"मग तो उभा आहे तो?"

"तो आपला. त्याच्याजवळ आता काजळीचा मुखवटा तेवढा उरलाय. सगळं शहर त्याच्या मागे लागणार." लेखकांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली गेला, आम्ही सगळे पुढे वाकलो. "या तोंडाने त्याला घरी जाता येणार नाही. म्हणून तो आईला निरोप देतोय."

आत्या, चित्रकार बाईंनी नाक पुसलं. मला वाटतं, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच लेखकांनी खिशातली पेन्सिल लिहिण्यासाठी काढली. तेवढ्यात फोन वाजू लागले, ते अजून थांबलेले नाहीत. वाचकांनी हाच अर्थ आमच्याआधी लावला होता. पेपरात आलं, की चित्रकथांच्या इतिहासात असा धक्का झाला नव्हता, वाक्यं तीच ठेवून फक्त शेपट्या फिरवण्याची कल्पना म्हणजे प्रतिभेचा कळस. संपादकांनी मुलाखतीत सांगितलं, की या शेपट्यांवर ते स्वतः तीन वर्षं विचार करत होते. मालकांनी कवचधरच्या मरणाचं फर्मान मागे घेतलं आणि आपण असं फर्मान काढलंच नव्हतं असं दुसरं फर्मान काढलं. माझा राजीनामा संपादकांनी कपाखाली ठेवायला वापरला. मला पाठ टेकायची खुर्ची मिळाली. (सोळा वर्षं स्टुलावर होतो. उसण त्याचीच.)

म्हणजे सगळं गोडीगुलाबीत पार पडलं म्हणायचं, पण एक पत्र आलं. दोन पोती कौतुकाच्या पत्रांत हे एकच निराळं. खाली सही 'एक वाचक, पहिल्या अंकापासून', पत्ता नाही. या इसमाने लिहिलं होतं, की हा काही प्रतिभेचा कळस वगैरे नसून शुद्ध निष्काळजीपणा आहे. बरगड्या मोडून छातीवर तुळई असलेल्या माणसाला एका श्वासात दहा-बारा शब्द बोलता येत नाहीत. फुफ्फुसात तेवढी हवाच शिल्लक नसते. उलट, कमरेवर हात ठेवून ताठ उभ्या असलेल्या निरोगी माणसाला दर शब्दाला धाप लागायचं काही कारण नाही. तस्मात टिंबांचं वाक्य आडव्या माणसाचं, आणि पट्ट्या डकवणाऱ्याने डोळे तपासून घ्यावेत, शक्यतो उपाशीपोटी. अख्ख्या देशात खरं काय झालं ते ओळखणारा हा एकटा निघाला! संपादकांनी घाबरून पत्र ड्रॉवरमध्ये कोंबलं. लेखकांनी ते काढून आपल्या टेबलासमोर टाचणीने लावलं. म्हणाले, माझं लिखाण इतक्या काळजीने कुणी वाचलंय हे मला तेहतीस वर्षांत कळलं नव्हतं. कोण असेल हा माणूस, देव जाणे. माझा अंदाज, कुणी तरी निवृत्त, एकटा, खडूस म्हातारा असावा.

असो. पत्र फार लांबलं. तू जेवण वेळेवर घेत जा. गुडघ्याला तेल लावत जा. बाबांनी नमस्कार सांगितलाय, म्हणजे मान हलवली, मी तो नमस्कार समजतो.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. 'शक्यतो उपाशीपोटी' हे मी जगात एकाच व्यक्तीच्या तोंडून ऐकलंय, आणि ती व्यक्ती डोळे, कान, दात, सगळंच उपाशीपोटी तपासायला लावते. शिवाय त्या पत्रातल्या 'ळ'ला आहे तशी गाठ आपल्या घरात दुसरं कुणी मारत नाही. घाबरू नकोस, मी कार्यालयात अवाक्षर काढलेलं नाही. खडूस म्हातारा हा शब्द मागे घेतो. म्हातारा तेवढा.

ता. क. २. आता कामाचं. त्या पत्राच्या मागच्या बाजूला त्या वाचकाने असंही लिहिलंय, की चिलखताची अदलाबदल खरी मानायची तर शिरस्त्राण कसं उघडतं ते आधी सांगा, कारण सातव्या अंकात स्पष्ट म्हटलं आहे : 'कवचधरच्या (इथे डागामुळे शब्द वाचता येत नाही) कानामागची कळ दोनदा दाबल्याखेरीज ते कुणालाही निघणार नाही.' (कंसातलं वाक्यही त्या वाचकाचंच.) लेखक हे वाचून कपाळाला हात लावून बसले. त्यांना ती कळ अजिबात आठवत नाही, पण वाचकांना आठवणार. कार्यालयातले पहिले बारा अंक वाळवीने खाल्ले. आम्ही तीन आठवडे रद्दीची दुकानं, वाचनालयं, छापखान्याचा माळा, सगळं पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत्या, मी नऊ वर्षांचा असताना गोवर निघाला म्हणून तुझ्याकडे राहायला होतो. तू माझे सगळे अंक 'जंतू लागलेत, जाळायला हवेत' म्हणून काढून घेतलेस. मी दोन दिवस रडलो. त्यातल्या एकावर मी खोकल्याचं जांभळं औषध सांडलं होतं. तो सातवा होता. म्हणजे तू जाळला नाहीस. म्हणजे तू एकही जाळला नाहीस, आणि तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक विकत घेतलास.

माझं म्हणणं एवढंच, की सातवा अंक रजिस्टर पोस्टाने पाठव. पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस हवं तर. कुणा वाचकाकडून तो अंक येईल या आशेने लेखक रोज टपालाच्या वेळी जिन्यात उभे असतात. त्यांनी अजून चारशे एकाव्या अंकाची पहिली ओळ लिहिलेली नाही.

ता. क. ३. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरांत तू विचारलं आहेस, 'तरी तो घरी जाईल ना?' हे मी लेखकांना विचारलं. ते म्हणाले, जाईल, पण कधी ते वाचकाला सांगायचं नसतं. मी म्हटलं, ही वाचक नाही, माझी आत्या आहे. (हो, सांगून टाकलं. अवाक्षर काढलं नाही असं वर लिहिलंय ते काल लिहिलं होतं.) तेव्हा त्यांनी चारी पेन्सिली खिशात नीट लावल्या आणि विचारलं, पार्सल पोस्टाने कशाला, आपणच जाऊन आणलं तर? रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. ते फार हळू बोलतात, तेव्हा रेडिओ बंद ठेव. आणि कृपा करून तोवर औषधाचा डाग काढायला जाऊ नकोस.